कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

इंदूर नगरीत जन्मलेल्या दोन भगिनींनी महाराष्ट्राच्या ज्ञानक्षेत्रात मोठी कामगिरी केली. थोरल्या दुर्गाबाई भागवत यांचे नाव साहित्याच्या प्रांतात सर्वतोमुखी आहे. १९७५ साली कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. धाकट्या कमलाबाई रसायनशास्त्राकडे वळल्या. त्यांनी बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश कसा मिळविला, ही कथा बहुतेकांस ठाऊक असते; परंतु पुढे वृद्धापकाळी त्यांनी जे कार्य हाती घेतले, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आम्हांस तेच अधिक मोलाचे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि जमशेटजी टाटांच्या औदार्यातून बंगलोरास निघालेल्या विज्ञानसंस्थेच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होत असे. योगायोग असा की, त्या संस्थेत विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली तीही १९११ सालीच. तेव्हा १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. परीक्षेत पहिल्या आल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज धाडावा, यात नवल ते काय?

अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन, आणि नकाराचे कारण एवढेच होते की अर्जदार स्त्री होती. कमलाबाई बंगलोरास गेल्या, संचालकांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते; मार्गदर्शक सांगतील तितक्या उशिरापर्यंत काम करावयाचे होते; आणि त्यांच्या उपस्थितीने तेथील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. रामन यांच्या थोरवीविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे, तरी ही शेवटची अट वाचताना आजही मान खाली जाते. कमलाबाईंनी अटी पाळल्या, पण अपमान विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ साली त्या एम्‌.एस्‌सी. झाल्या.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात प्रथम रिश्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना, बटाट्यापासून आरंभ करून, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते, हे त्यांनी दाखवून दिले. सायटोक्रोम या शब्दाचा अर्थच मुळी पेशीतील रंग. प्रकाशाचा कोणता भाग द्रव्याने शोषला हे पाहून ते ओळखावयाचे, म्हणजे रंगावरून पदार्थ वाचावयाचा. अवघ्या चौदा महिन्यांत, चाळीस पानांच्या प्रबंधावर, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

१९३९ साली त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधनशाळा असा प्रवास करीत, १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. गरिबांच्या आवाक्यातील हे पेय कुपोषित मुलांस व गर्भवती स्त्रियांस उपकारक ठरते, असे त्यांस आढळले; या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. त्या संस्थेच्या संचालकपदी मात्र त्यांची नेमणूक बरीच वर्षे लांबली. ती झाली, एवढेच येथे नमूद करतो.

आता उत्तरार्ध. १९६६ साली मुंबईत काही गृहिणींनी मिळून ‘कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी’ ही ग्राहकांची संस्था काढली. कमलाबाई तिच्या कामात रमल्या, ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकात लिहू लागल्या आणि १९८२-८३ साली अध्यक्षाही झाल्या. भेसळीविरुद्धचा कायदा १९५४ सालीच झाला होता. पण वाण्याच्या दुकानातून आणलेली हळद शुद्ध आहे की नाही, हे गृहिणीने कसे ओळखावे? वस्तुतः अशा कित्येक परीक्षा अगदी स्वस्त आहेत. दुधात पिठाची भर असेल तर आयोडीनच्या एका थेंबाने ते निळे पडते. हळदीत वा डाळीत मेटॅनिल यलो हा घातक रंग मिसळला असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी छटा येते, आणि हळदीच्या बाबतीत पाणी घालूनही ती टिकते. (विद्यार्थ्यांनी आम्लाचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.)

याच विचाराचे पुढचे पाऊल म्हणजे कागदी चाचणी. कागदात रसायन मुरवून तो वाळवितात. मेणाच्या रेषांनी त्यावर बांध घालतात, म्हणजे थेंब ठरलेल्या वाटेनेच पाझरतो. २००७ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्हाइटसाइड्स यांच्या चमूने असे कागद लघवीतील साखर व प्रथिने ओळखण्यासाठी वापरून दाखविले आणि पुढच्याच वर्षी उमटलेला रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविण्याची रीतही मांडली. मद्रासच्या आयआयटीने २०२३ साली दुधातील युरिया, साबण, पीठ इत्यादी भेसळ अर्ध्या मिनिटात दाखविणारी कागदी चाचणी जाहीर केली; तिला एक मिलिलिटर दूध पुरते. रंग किती गडद आहे हे मात्र डोळ्यांस नेमके सांगता येत नाही. कॅमेरा तांबडा, हिरवा व निळा यांचे प्रमाण अंकांत देतो. पण पिवळ्या दिव्याखाली तोही फसतो. म्हणून चाचणीशेजारीच ज्ञात रंगाचे चौकोन छापावे लागतात, म्हणजे उजेडाचा दोष वजा करता येतो.

२८ जून १९९८ रोजी दिल्लीत कमलाबाई निवर्तल्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा गौरव करण्यासाठी समारंभ योजिला होता. तेथेच त्या कोसळल्या आणि अल्पावधीतच त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्याच शहरात मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्याने अंगावर सूज येणारा रोग पसरला व साठांहून अधिक माणसे दगावली. धोत्र्याचे तेल ओळखण्याची कागदावरील परीक्षा रसायनशाळांना तेव्हाही माहीत होती. ते तेल घरी नेऊन फोडणी करणाऱ्यांच्या हाती ती नव्हती.