कर्मवीर भाऊराव पाटील : श्रम आणि विद्या

विद्या व श्रम ह्या दोन बहिणी आपल्या समाजात फार काळ निरनिराळ्या घरी नांदल्या. ज्याच्या हाती पोथी, त्याच्या हाती कुदळ येत नसे. आणि ज्याच्या हाती कुदळ, त्यास पोथीचे दर्शनही दुर्लभ असे. ह्या दोघींस एका छपराखाली आणण्यासाठी ज्यांनी आपला देह झिजविला, त्या कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचे चरित्र आम्ही ह्या वर्षीच्या अंकात आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

पालकांचा मुद्दाम उल्लेख करण्यास कारण आहे. आपला धाराशिव जिल्हा अवर्षणाचा. येथील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात. आपल्या हातचा कोयता मुलाच्या हाती जाऊ नये, एवढ्यासाठी जे आईबाप पोटास चिमटा घेऊन त्यास शाळेत घालतात, त्यांनी शाळेच्या बागेत मुलास खोरे धरलेले पाहिले म्हणजे त्यांचे मन साशंक होते. खोरेच धरावयाचे तर शाळा कशास, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. भाऊरावांच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज ह्या गावी एका जैन शेतकरी कुळात झाला. वडिलांचे नाव पायगोंडा व आईचे गंगाबाई. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात गेले व जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळी कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. भाऊराव तेथील समारंभास जाऊन आले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे असे त्यांस सांगण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो हे त्यांस मुळीच मान्य नव्हते. त्यांनी साफ नकार दिला. परिणामी त्यांस वसतिगृह सोडावे लागले. पुढे छत्रपती शाहू महाराजांच्या सहवासाचा लाभ त्यांस झाला, व महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक विचारांची गोडी लागली.

परीक्षांच्या बाबतीत मात्र दैव अनुकूल नव्हते. मॅट्रिकची पायरी त्यांस ओलांडता आली नाही. साताऱ्यास त्यांनी मुलांच्या शिकवण्या धरल्या व पाटील मास्तर ह्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. नंतर ओगले ह्यांच्या काचकारखान्याचा माल व किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. ह्या भटकंतीत त्यांस खेड्यापाड्यांतील खरी स्थिती दिसली. शेतकरी कष्टास कमी नव्हता. पण वाचता येत नसल्यामुळे जो कागद पुढे येई त्यावर त्यास निमूटपणे अंगठा उठवावा लागे. कष्ट होते, विद्या नव्हती. आणि विद्येविना त्या कष्टांचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडत होते.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले ह्या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 साली संस्था साताऱ्यास आली व तेथे निरनिराळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. तेथे महाराचे पोर व मराठ्याचे पोर, जैन व मुसलमान, एका पंक्तीस बसत. जी गोष्ट त्या काळी शहाण्यासुरत्या माणसांसही अशक्य वाटे, ती ह्या मुलांच्या रोजच्या अंगवळणी पडली.

एवढ्या मुलांस पोसावयाचे कसे? भाऊराव गावोगाव फिरून धान्य व पैसा गोळा करीत. तरीही कोठीत दाणा नाही असे प्रसंग येत. अशा वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. 1930 साली त्या माऊलीने देह ठेवला. आज ज्या संस्थेस आपण वटवृक्ष म्हणतो, तिच्या मुळाशी ह्या बाईचे सोने पुरलेले आहे, हे आमच्या विद्यार्थिनींनी विशेष ध्यानात ठेवावे.

परंतु केवळ दानावर मुलगा वाढला तर त्याची मान कायमची लवलेली राहील, ही भाऊरावांची खरी चिंता होती. म्हणून त्यांनी कमवा आणि शिका ही योजना काढली. अभ्यासाच्या वेळा सोडून मुलांनी शेतात राबावे, इमारतीच्या कामास हात लावावा, आपला स्वयंपाक आपण करावा, व ह्या श्रमाच्या मोबदल्यात त्यांचे शिक्षण चालावे, असा हा प्रकार होता. 1940 साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल ह्या नावाने त्यांनी मोफत निवासी शाळा काढली, तीही ह्याच तत्त्वावर.

अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांनी 1881 साली टस्कीगी येथे मुक्त झालेल्या नीग्रो गुलामांच्या मुलांसाठी असाच प्रयोग आरंभिला होता. तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या हाताने विटा भाजून शाळेच्या इमारती उभ्या केल्या. आपल्या देशातही 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. ऊसाच्या फडातील श्रम व साताऱ्याच्या बोर्डिंगातील श्रम ह्यांत घाम सारखाच होता. पण दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. फडातील श्रम मुलाची शाळा खातो; बोर्डिंगातील श्रमाने मुलाची शाळा चालली. पहिल्यात उचल घेतलेल्या बापाचे देणे मुलाच्या डोक्यावर येते. दुसऱ्यात मुलगा कोणाचे देणे लागत नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. साताऱ्यास ज्या मातीत एका जातीच्या मुलाने हात घातला, तीत सर्व जातींच्या मुलांनी घातला. ज्या शाळेत गरिबाने खोरे धरावे व सधनाने सावलीत बसावे अशी वाटणी होईल, तेथे भाऊरावांचे नाव घेण्याचा अधिकार कोणास राहणार नाही. ही कसोटी आम्ही प्रथम आमच्या शाळेस लावतो, व पालकांनीही ती निःसंकोच लावावी.

ह्या मार्गाने किती मुले वर आली ह्याची गणती करणे कठीण आहे. एकच उदाहरण देतो. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे ह्याच संस्थेच्या छायेत शिकले, विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्याच सेवेस लागले व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

भाऊरावांच्या हयातीत आपल्या जिल्ह्याचा पुष्कळ काळ निजामी राजवटीत गेला. 1948 पर्यंत येथील सरकारी हायस्कुलांत उर्दूतून शिकविले जाई. तथापि त्यांचे वारे इकडेही पोहोचले. त्यांच्या संस्थेत काम केलेले बापूजी साळुंखे ह्यांनी 1954 साली स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली, व धाराशिवचे रामकृष्ण परमहंस महाविद्यालय हे तिचेच आहे. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो विषय शाळाशाळांतून आला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ शिकावे असे सुचविले आहे.

1959 साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांस डी. लिट. ही पदवी अर्पण केली. मॅट्रिक न झालेल्या गृहस्थाच्या पायाशी विद्यापीठ चालत आले! त्याच वर्षी त्यांस पद्मभूषण हा सन्मान मिळाला, व 9 मे 1959 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. आज त्यांच्या संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

विद्यार्थीमित्रांनो, आपल्या शाळेत बागकाम मंडळ आहे, सुतारकामाचा तास आहे, सफाईची पाळी आहे. त्या तासास मोकळा तास समजू नका. खोरे हाती घ्याल तेव्हा शेजारी कोण उभा आहे ते पाहा. तो तुमच्या आळीतला नसेल, तुमच्या जातीचा नसेल, तर भाऊरावांची शाळा तेथे भरली आहे असे खुशाल समजा. आणि पालकहो, मुलाचे हात मातीने भरलेले दिसले तर रागावण्यापूर्वी त्याची वही उघडून पाहा. दोन्ही भरलेली असतील, तर तुमचा पैसा व तुमचे कष्ट वाया गेले नाहीत.