बॅरिस्टर जयकरांचें दप्तर

बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनीं उतारवयांत आत्मचरित्र लिहावयास घेतलें; परंतु त्याचा दुसरा खंड सन १९२५ पाशीं येऊन थांबतो, आणि सन १९५९ च्या मार्चमध्यें त्यांचें देहावसान झालें. पुढील आयुष्याची हकीकत त्यांच्या दप्तरांतच राहिली.

सन १८७३ सालीं जन्मलेले जयकर जालियनवाला बागेच्या चौकशीसाठीं काँग्रेसनें नेमलेल्या समितींत गांधीजींबरोबर होते. मुंबईच्या कायदेमंडळांत ते स्वराज्य पक्षाचे पुढारी झाले. सन १९३० सालीं गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत असतां, सर तेजबहादूर सप्रू व जयकर यांनीं सरकार आणि काँग्रेस यांच्यामध्यें समेटाचे निरोप नेले-आणले. तो यत्न फसला. मध्यस्थावर दोन्ही बाजू रुसतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं खेळाच्या मैदानावर पाहिलेंच आहे!

सन १९३७ सालीं ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले, व पुढें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलांत बसले. डिसेंबर १९४६ मध्यें घटना समितीपुढें उद्दिष्टांचा ठराव आला, तेव्हां मुस्लिम लीग व संस्थानें यांची वाट पाहावी, अशी उपसूचना त्यांनीं मांडली. पुष्कळांस ती रुचली नाहीं. तरी ठराव जानेवारीपर्यंत लांबणीवर पडलाच. एकट्यानें उभें राहण्याचें हें धैर्य आम्हांस त्यांच्या पदव्यांहून मोठें वाटतें.

पुणें विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरु. तेथील ग्रंथालयास त्यांचेंच नांव आहे. त्यांचीं कागदपत्रें मात्र दिल्लीस, राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. आत्मचरित्राचा न लिहिलेला भाग अभ्यासकांस त्या कागदपत्रांतूनच, एकेक कागद पाहून वाचावा लागतो.