बांधकाम खात्यातला छायाचित्रकार

हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून राजा दीनदयाळ सर्वांना ठाऊक आहेत. पण कॅमेरा त्यांच्या हाती आला तो आपल्या इंदूरात. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ रुडकीला शिकून १८६६ मध्ये इथल्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले. फोटोचा नाद जडला तो तिशीत, १८७४ च्या सुमारास. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि इंग्रज एजंट सर हेन्री डेली यांचा आश्रय मिळाला.

१८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहो, ओरछा. बरोबर लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटा. प्लेट फुटली की दृश्य गेलेच. नकाशे काढणारा हात असल्यामुळेच त्यांच्या फोटोत इमारतीची उभी रेघ कलत नाही, असे मला वाटते.

पुढे चाळिशीत आधी लांब रजा, मग नोकरीच सोडली. पगार-पेन्शनवर संसार मांडणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांना ही जोखीम काय ती कळते!

सहावे निजाम महबूब अली खान यांच्या शिकारीचे तळ त्यांनी टिपले. वाघ मात्र बहुधा मेलेलाच दिसतो. निजामांनी ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ मध्ये हैदराबादेत वेगळा स्टुडिओ निघाला. तिथे फोटो काढणारीही बाईच.

१९०५ साली मुंबईत ते वारले. त्यांच्या जवळपास तीन हजार काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.