आजचं वाचन : गीता, अध्याय ३, श्लोक २०. सांगलीचे काकासाहेब खाडिलकर



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनापुढे जनकाचं उदाहरण ठेवतात. जनक राजा होता. खजिना, फौज, तंटेबखेडे सगळं सांभाळत होता आणि ते सांभाळतच तो सिद्धीला पोचला. म्हणून तूही काम सोडू नकोस, निदान लोक एकत्र राहावेत, नीट चालावेत एवढ्यासाठी तरी कर. यालाच लोकसंग्रह म्हणतात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो : नोकरी इतकी खाते, मग साधना कधी करायची? हे सगळं सोडल्याशिवाय देव भेटणारच नाही का? जनक तर फार लांबचा. म्हणून मी आज जवळचा माणूस घेतोय. तो वर्तमानपत्राच्या धंद्यातला होता, आणि त्या काळी त्या धंद्यात तुरुंग दाराशीच उभा असायचा.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, म्हणजे काकासाहेब, यांचा जन्म १८७२ साली सांगलीत झाला. कृष्णाकाठचं गाव, पटवर्धनांचं संस्थान, गणपतीचं देऊळ. याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं होतं. म्हणजे पुराणातली कथा लोकांपुढे उभी करायची रीत इथल्या मातीतच होती. काकासाहेब १८९२ साली बी.ए. झाले, काही काळ सांगलीत शिक्षक होते, कायद्याचा अभ्यासही केला. वकिली करून सुखात राहता आलं असतं. पण ते टिळकांच्या 'केसरी'त गेले.

मधे तर ते थेट नेपाळात जाऊन राहिले! वरून कौलांचा कारखाना, आतून शस्त्रं तयार करण्याचा बेत. तो बेत तडीस गेला नाही. ते परत आले आणि पुन्हा लेखणी धरली.

१९०७ साली त्यांचं 'कीचकवध' आलं. कथा महाभारताच्या विराटपर्वातली. सैरंध्री झालेली द्रौपदी, माजलेला कीचक, धीर धरा म्हणणारा धर्मराज आणि न राहवणारा भीम. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला. सरकारलाही तेच दिसलं, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. आपण रोज पोथी वाचतो, पण ती आजच्या दिवसाबद्दल काही बोलते असं आपल्याला वाटतं का? काकासाहेबांना वाटत होतं.

आता खरा कसोटीचा भाग. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. अग्रलेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव नसायचं. जे छापलं त्याची जबाबदारी संपादकाची. टिळकांनी ती पूर्ण अंगावर घेतली आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. त्या रिकाम्या खुर्चीत बसायचं कोणी? काकासाहेब बसले. आधीच्या संपादकाचं काय झालं हे डोळ्यांनी बघून बसले. १९१० पर्यंत त्यांनी ते काम केलं, आणि १९१७ ते १९२० पुन्हा केलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर ते जगाच्या लढाया मराठी माणसाला समजावून सांगत होते. त्यातून पुढे महायुद्धाचा इतिहास ग्रंथरूपात आला.

टिळक गेल्यावर काकासाहेबांनी गांधीजींचा मार्ग धरला. १९२१ साली मुंबईत 'लोकमान्य' दैनिकाचं संपादकपद घेतलं आणि १९२३ साली स्वतःचं 'नवाकाळ' सुरू केलं. स्वतःचं पत्र म्हणजे कागद, छपाई, पगार, वर्गणी, सगळं डोक्यावर. वयाची पन्नाशी आलेली. त्यात 'मानापमान', 'स्वयंवर'सारखी नाटकं गाजलेली, म्हणजे नाव होतंच. गप्प बसले असते तर कोणी बोललं नसतं. १९२९ साली 'नवाकाळ'मधल्या लेखनावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. एकवीस वर्षांपूर्वी टिळकांकडे बघून जे शिकले, ते आता स्वतःच्या पाळीला आलं.

त्यानंतर पत्राची सूत्रं त्यांनी मुलाकडे सोपवली. १९३३ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, पण मन वळलं होतं उपनिषदांकडे. ओंकाराची उपासना, रुद्र, त्रिसुपर्ण, ऐतरेय उपनिषद, याज्ञवल्क्य-मैत्रेयी यांवर त्यांनी लिहिलं. १९४८ साली ते गेले. पुढच्याच वर्षी सांगली 'दक्षिण सातारा' जिल्ह्यात गेली. आजचं सांगली जिल्हा हे नाव १९६० चं.

वाचताना वाटतं, आधी संसार आणि मग अध्यात्म, असे दोन भाग होते. मला तसं वाटत नाही. मैत्रेयी विचारते, सगळी पृथ्वी धनाने भरून मिळाली तरी मी अमर होईन का? हा प्रश्न म्हातारपणी अचानक पडत नाही. सुखाची वकिली बाजूला ठेवली तेव्हाच तो अर्धा सुटलेला होता. पुस्तकं नंतर आली, एवढंच.

आणि एक गोष्ट भक्तांनी मुद्दाम ऐकावी. याच कृष्णेवर, वरच्या अंगाला, कऱ्हाडजवळचं टेंभू हे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं गाव. तिथले गोपाळ गणेश आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. त्यांनी देवधर्म बुद्धीच्या कसोटीवर घासला आणि नाकारला. तरी १८८२ साली छापलेल्या मजकुरापायी टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे मत पटेना म्हणून 'केसरी' सोडला, 'सुधारक' काढला आणि गरिबीत दिवस काढले. नदी एक, खुर्ची एक, एक उपनिषदांचा आणि एक अज्ञेयवादी. लोकसंग्रहाच्या मापाने दोघंही पुरे उतरतात. मग माळ ओढणाऱ्या आपण काम करताना चालढकल केली, तर आपलं माप काय निघेल?

म्हणून नोकरी सोडू का, या प्रश्नाला माझं उत्तर असं : आधी बघा, कामात तुम्ही जबाबदारी घेता की ढकलता. चूक टीमची आणि कौतुक माझं, असं चालत असेल तर पहाटेचं ध्यान कितीही लांबवा, उपयोग नाही. आणि जे काम करताना लोकांचं नुकसानच होतंय असं दिसतं, ते मात्र सोडायलाच हवं. जनकाचं नाव घेऊन ते झाकू नका.

आजचा विचार : खुर्ची देवाने दिली असं म्हणायचं, तर तिच्याबरोबर येणारा धोकाही त्याचाच प्रसाद.

आजचा संकल्प : आज ऑफिसमध्ये एका तरी गोष्टीची जबाबदारी 'ही माझी' असं म्हणून घ्यायची, आणि ती झाली की कोणाला सांगायची नाही.

उद्या श्लोक २१. मोठी माणसं वागतात तसे लोक वागतात, त्याबद्दल. आज जमलं तर दोन्ही श्लोक एकत्र वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी!