निळ्या गाडीमागचे काका

लग्नघरातलं जेवण छान झालं, की कौतुक यजमानांचं होतं. मीठ कमी पडलं, की बोल मात्र आचाऱ्याला! पडद्यामागे राबणाऱ्यांची हीच तऱ्हा. घर सांभाळणाऱ्या आपल्याला हे काही नव्यानं सांगायला नको. म्हणूनच आज लिओ विला या मेकॅनिकची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

लिओचा जन्म १८९९चा, लंडनमधला. तरुणपणी तो जुल्यो फोरेस्ती या इटालियन शर्यतपटूकडे कामाला होता. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी मेकॅनिकही बसायचा. जिवाची जोखीम दोघांची, हार मात्र एकाच्याच गळ्यात. पुढे १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तो माल्कम कॅम्पबेल यांच्याकडे आला. जमिनीवरची सर्वांत वेगवान गाडी आपली असावी, या ध्यासानं ते झपाटलेले होते. त्यांचा मुलगा डोनाल्ड तेव्हा दुडुदुडु चालायच्या वयाचा होता.

१९२४मध्ये वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर कॅम्पबेलनी ताशी २३५ किलोमीटरचा विक्रम केला. फेब्रुवारी १९२७मध्ये तिथंच २८१ गाठला. तो मोडायला गेलेले पॅरी थॉमस पुढच्याच महिन्यात त्याच वाळूवर प्राणाला मुकले. म्हणजे हा खेळ किती जिवावरचा होता बघा!

या विक्रमाचा एक नियम आहे. मोजलेल्या अंतरावरून गाडी एकदा जायची आणि तासाभराच्या आत उलट दिशेनं परत यायची. दोन्ही वेगांची सरासरी म्हणजे विक्रम. वाऱ्याचा फायदा एकाच बाजूनं मिळू नये म्हणून ही व्यवस्था. चालकाला या तासात दोन घोट चहा घेता येईल, पण मेकॅनिकांना श्वास घ्यायलाही उसंत नाही. टायर बदला, इंधन भरा, एकेक नट तपासा. घड्याळ पुढे पळतंय आणि एक नट जरी सैल राहिला, तरी समोरच्या माणसाचा जीव जाणार.

३ सप्टेंबर १९३५ला अमेरिकेतल्या बॉनव्हिल इथल्या मिठाच्या मैदानावर तसंच घडत होतं. पहिल्या फेरीच्या शेवटी निळ्या ‘ब्ल्यूबर्ड’चा पुढचा टायर फुटला. घाईघाईनं चाकं बदलली आणि गाडी परत धावली. आधी जाहीर झालेला आकडा ताशी ३०० मैलांच्या किंचित खाली होता. सगळ्यांचे चेहरे उतरले. काही तासांनी हिशेबातली चूक सापडली आणि खरा आकडा निघाला ३०१, म्हणजे सुमारे ४८४ किलोमीटर!

१९४८च्या शेवटच्या दिवशी माल्कम गेले. आता निवांत व्हायला लिओला हरकत नव्हती, पन्नाशी आलीच होती. पण डोनाल्डनं वडिलांचा ध्यास पुढे न्यायचं ठरवलं, जमिनीवर आणि पाण्यावरही. लहानपणापासून पाहिलेल्या या पोराला एकट्याला कसं सोडायचं? डोनाल्ड लिओला काका म्हणायचा. काका पुन्हा हातात पाना घेऊन उभे राहिले.

१९६०मध्ये बॉनव्हिललाच डोनाल्डची गाडी भयंकर वेगात उलटली. त्याची कवटी फ्रॅक्चर झाली, पण जीव वाचला. गाडी नव्यानं बांधली. १९६३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या एअर सरोवरावर तयारी झाली, तर पावसानं पाणी फिरवलं. शेवटी १७ जुलै १९६४ला ताशी ६४८ किलोमीटरचा विक्रम झाला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पाण्यावरचाही!

मग आला ४ जानेवारी १९६७. इंग्लंडमधल्या कॉनिस्टन सरोवरावर डोनाल्डची जेट बोट परतीच्या फेरीत हवेत उचलली गेली आणि कोलांटी खाऊन बुडाली. लिओ तिथंच होता. डोनाल्डचं हेल्मेट आणि त्याचा लाडका टेडी बेअर पाण्यावर तरंगत वर आले. डोनाल्ड मात्र सापडला नाही. त्याचा देह मिळाला तो २००१मध्ये, चौतीस वर्षांनी. आणि लिओ १९७९मध्येच गेला होता. ज्याला लहानाचं मोठं होताना पाहिलं, त्याला मूठभर माती देणंही काकांच्या नशिबी नव्हतं.

हे वाचून मला आपलीच आठवण झाली. मुलगा बाइक काढतो, तेव्हा आपण दारात उभं राहून विचारतोच ना, हेल्मेट घेतलंस का, चाकात हवा बघितलीस का? थांबवता येत नाही, मग निदान सगळं तपासून तरी पाठवायचं. लिओनं चाळीसहून जास्त वर्षं हेच केलं, आधी बापासाठी आणि मग लेकासाठी. एवढं करूनही सगळंच आपल्या हातात नसतं, हे स्वीकारणं फार अवघड.

मैत्रिणींनो, या आठवड्यात स्कूटी सर्व्हिसिंगला टाकाल, तेव्हा ब्रेक घट्ट करून देणाऱ्या गॅरेजमधल्या मुलाचं नाव विचारा. आपला जीव रोज त्याच्या हातावर विसंबून असतो आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं.