नवसाची किंमत

बायबलातील शास्ते या पुस्तकात इफ्ताह नावाच्या सेनानायकाची कथा आहे. अम्मोनी लोकांवर जय मिळाल्यास, परतताना घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल त्याचा होम करीन, असा नवस तो बोलतो. सामोरी येते ती डफ वाजवीत, नाचत निघालेली त्याची एकुलती एक लेक. नवस बापाचा, तो फेडायचा मात्र लेकीने!

सातपुड्याच्या पायथ्याच्या शेंदूरजनाघाटापासून मूर्तिजापुरापर्यंत वऱ्हाडी घरांनाही नवसाचा हा हिशेब अनोळखी नव्हता. तो चव्हाट्यावर मांडला गाडगेबाबांनी.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. देवाला बोकड कबूल करायचा आणि त्या निमित्ताने भावकीला मटण नि दारू द्यायची, ही तेव्हाची रीत. झिंगराजींचा बळी दारूनेच घेतला. पोरका डेबू दापुऱ्याला मामांकडे गुरे राखत वाढला. सावकारी कर्जाचा फास शेतीभोवती कसा आवळतो, हे त्याने तेथेच पाहिले.

पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला सोयरे मटणाच्या आशेने जमले, तेव्हा डेबूजींनी पंगतीत गोडाधोडाचे वाढले. सोयरे रुसले, डेबूजी बधले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. हाती खराटा आणि गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. उपदेशापेक्षा प्रश्नांवर भर. कर्ज काढून देव कोणी करायला सांगितला? बोकड हे देवाचे लेकरू नव्हे काय? उत्तरे श्रोत्यांकडूनच वदवून घेत. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या.

मात्र त्यांच्या स्वतःच्या संकल्पाची किंमतही घरच्यांनीच मोजली, हे सांगितलेच पाहिजे. आई सखूबाई, पत्नी कुंताबाई आणि मुले मागे राहिली. धर्मशाळांसाठी लोकांकडून लाखो रुपये जमले, पण त्यातील एका पैशावरही बाबांनी कुटुंबाचा हक्क मानला नाही. जगाने याला वैराग्य म्हटले. कुंताबाईंना कोणी विचारल्याचे दिसत नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, धावत्या मोटारीत बाबांनी देह ठेवला.