कालव्यांचा शिल्पकार : जेम्स ब्रिंडली

ज्याला लिहिता-वाचता जेमतेमच येत होते अशा माणसाचे चरित्र ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात समाविष्ट करावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटेल. परंतु ज्ञान ग्रंथांत असते तसेच ते हातांत आणि डोळ्यांतही असते. हातातील ज्ञानाला अक्षरांचा आधार मिळाला नाही, तर ते त्या माणसाबरोबरच नाहीसे होण्याचा धोका असतो. इंग्लंडमधील कालव्यांचा आद्य शिल्पकार जेम्स ब्रिंडली याचे आयुष्य या दोन्ही गोष्टींची साक्ष देते. त्याने बांधलेला पहिला कालवा अवघ्या काही मैलांचा होता आणि तो एका उमरावाच्या खाणीतील कोळसा एका गावाला पोहोचवण्यासाठी खणला गेला. मात्र त्या चिमुकल्या कालव्याने जे अर्थकारण सुरू केले, त्याचे पडसाद पुढे आपल्या देशातील विणकरांच्या मागापर्यंत येऊन पोहोचले.

ब्रिंडलीचा जन्म १७१६ साली डर्बीशायर परगण्यातील टन्स्टेड या खेड्यात झाला. घराणे शेतकऱ्याचे. शाळेचे शिक्षण असे त्याला मिळालेच नाही. सतराव्या वर्षी, म्हणजे १७३३ साली, मॅकल्सफील्डजवळच्या सटन गावी अब्राहम बेनेट नावाच्या कारागिराकडे तो उमेदवारीस राहिला. बेनेटचा व्यवसाय चाके आणि पाणचक्क्यांची यंत्रे बनवण्याचा. त्या काळी हा कारागीर म्हणजे सुतार, लोहार, गवंडी आणि यंत्रज्ञ असा चौघांचा एकच अवतार असे. या काळातील ब्रिंडलीची एक हकिगत प्रसिद्ध आहे. बेनेटने कागदाच्या गिरणीचे काम अंगावर घेतले होते, पण ते त्याला नीट उमगत नव्हते. तेव्हा ब्रिंडली सुटीच्या दिवशी पायी मँचेस्टरला गेला, तेथील गिरणी डोळ्यांनी पाहून आला आणि नुसत्या स्मरणाच्या बळावर त्याने काम पुरे करून दिले. आराखडा कागदावर न काढता मनात काढायचा, ही त्याची रीत जन्मभर टिकली. एखादा प्रश्न फारच अवघड झाला की तो खोलीचे दार लावून एक-दोन दिवस अंथरुणात पडून राही आणि उठे तो उत्तर घेऊनच.

पुढे लीक या गावी त्याने स्वतःचा कारखाना थाटला. १७५२ साली मँचेस्टरजवळच्या क्लिफ्टन येथील एका कोळशाच्या खाणीत पाणी भरू लागले, तेव्हा मालकाने त्याला पाचारण केले. ब्रिंडलीने अर्वेल नदीचे पाणी खडकातून बोगदा खणून आणले, ते नदीच्या पात्राखालून पलीकडे नेले आणि त्याच्या जोरावर चाक फिरवून खाणीतले पाणी उपसले. पाण्याच्याच शक्तीने पाणी बाहेर काढण्याच्या या युक्तीने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. कुंभारकामासाठी गारगोट्या दळणाऱ्या चक्क्या आणि काँगल्टनची रेशीम गिरणी ही कामेही याच काळातील.

ब्रिंडलीच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १७५९ साली. ब्रिजवॉटरचा तिसरा ड्यूक फ्रान्सिस एगर्टन हा तेव्हा तेवीस वर्षांचा होता. विवाह मोडल्याने लंडनच्या दरबारी जीवनाचा वीट येऊन तो वर्स्ली येथील आपल्या जहागिरीत येऊन राहिला होता. तेथे कोळसा विपुल होता आणि दहा मैलांवरच्या मँचेस्टरला तो हवाही होता. अडचण होती ती वाहतुकीची. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर माल लादून नेत, तसा तेथे कोळसा घोड्यांच्या पाठीवरून जाई. रस्ते चिखलाचे, आणि नदीतून न्यावा तर नौकानयनाच्या कंपनीची जकात भारी. त्यामुळे खाणीच्या तोंडाशी स्वस्त असलेला कोळसा गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचेतो दुपटीने महाग होई.

फ्रान्सच्या दक्षिणेतील मोठा कालवा ड्यूकने प्रवासात पाहिला होता. त्याचा कारभारी जॉन गिल्बर्ट हा खाणकामातला जाणकार होता. खाणीतून वाहून जाणारे पाणीच कालव्याला द्यावे आणि कालवा थेट खाणीच्या आत न्यावा, ही कल्पना मुख्यतः गिल्बर्टची मानली जाते. तिच्यामुळे खाण कोरडी राहणार होती, कालव्याला बारमाही पाणी मिळणार होते आणि कोळसा जेथे खणला तेथेच होडीत भरता येणार होता. एका उपायात तीन अडचणी सुटणार होत्या. ही योजना प्रत्यक्षात उतरवण्यासाठी गिल्बर्टने ब्रिंडलीला ड्यूककडे आणले.

ब्रिंडलीने जमिनीची पाहणी केली आणि एक धाडसी सूचना मांडली. कालव्याची पातळी कोठेही बदलायची नाही, म्हणजे जलपाशांचा खर्च आणि पाण्याचा अपव्यय दोन्ही वाचतील. परंतु मार्गात अर्वेल नदी आडवी येत होती. ब्रिंडलीचे म्हणणे असे की, नदीत उतरायचेच नाही, कालवा नदीच्या डोक्यावरून न्यायचा. बार्टन येथे तीन कमानींचा, सुमारे १८० मीटर लांबीचा आणि नदीपासून सुमारे १२ मीटर उंचीचा जलसेतू त्याने योजला. एका नामांकित अभियंत्याने या कल्पनेची थट्टा केली, असे सांगतात. पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना कागदी नकाशे मांडण्याऐवजी ब्रिंडलीने पनीराचा मोठा गोळा कापून जलसेतूचा नमुना करून दाखवला आणि चिकणमाती मळून तिच्या पन्हळीत पाणी कसे टिकते याचे प्रात्यक्षिक केले, अशीही आख्यायिका आहे.

यातील मळलेल्या मातीची युक्ती हा त्याच्या कामाचा गाभा होता. चिकणमाती आणि वाळू पाण्यात कालवून, तुडवून, थरावर थर देऊन कालव्याचा तळ आणि बाजू लिंपायच्या. नीट तुडवलेली माती ओलसर राहते तोवर तिच्यातून पाणी झिरपत नाही. आपल्याकडे घराच्या भिंतीसाठी माती तुडवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु त्याच मातीच्या भरवशावर भरलेली होडी नदीच्यावरून नेणे ही वेगळीच हिंमत होती.

१७ जुलै १७६१ रोजी जलसेतूवरून पहिली कोळशाची होडी पार झाली. पाणी प्रथम सोडले तेव्हा एका कमानीने दगा देण्याची लक्षणे दाखवली आणि ब्रिंडली धसक्याने अंथरुणाला खिळला. तेव्हा गिल्बर्टने वरचा भार हलका करून ती सावरली, असे म्हणतात. पुढील काही वर्षांत कालवा मँचेस्टरच्या कॅसलफील्डपर्यंत पोहोचला आणि गावातील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. यामागचे गणित साधे होते. घोड्याच्या पाठीवर दीडशे किलोच्या आसपास ओझे लादता येई. तोच घोडा काठाने चालत दोरीने सुमारे तीस टनांची होडी ओढू लागला. वर्स्लीच्या डोंगराखाली भुयारी कालव्यांचे जाळे वाढत वाढत अखेरीस सुमारे ४६ मैलांवर गेले.

पण हे यश स्वस्त नव्हते. कालवा मर्सी नदीच्या मुखाकडे रनकॉर्नपर्यंत नेण्याचे ठरल्यावर ड्यूकने कर्ज काढले, १७६५ साली लंडनच्या चाइल्ड पेढीकडे जमीन गहाण टाकली आणि स्वतःचा खर्च वर्षाला चारशे पौंडांवर आणला, असे सांगतात. रनकॉर्नचे दहा जलपाश १७७३ साली खुले झाले आणि संपूर्ण मार्ग १७७६ साली जुळला. लिव्हरपूल बंदरात उतरलेला कापूस आता पाण्यावरून मँचेस्टरला येऊ लागला. कोळसा आणि कापूस एकाच धक्क्यावर आले आणि थोड्याच वर्षांत वाफेच्या यंत्राने त्या दोघांची गाठ घालून दिली. ड्यूक कर्जातून मुक्त होऊन इंग्लंडमधील अतिश्रीमंतांत गणला गेला.

ब्रिंडली मात्र श्रीमंत झाला नाही. त्याच्या थकलेल्या वेतनासाठी त्याच्या मृत्यूनंतर पत्नीला मागणी करावी लागली. कालव्याचे मोल उमरावाच्या तिजोरीत जमा झाले आणि कारागिराच्या वाट्याला कीर्ती आली, हा व्यवहार पुढच्या काळातही अनेकदा घडला.

कीर्तीबरोबर कामे आली, तीही मोजदादीपलीकडची. ट्रेंट, मर्सी, सेव्हर्न आणि टेम्स या चार नद्या कालव्यांनी जोडण्याचे स्वप्न त्याने पाहिले. १७६६ साली ट्रेंट-मर्सी कालव्याची पहिली कुदळ प्रसिद्ध कुंभकार जोसाया वेजवुड याने मारली. खाचखळग्यांतून घोड्यावर नेताना फुटणारी चिनी मातीची भांडी आता पाण्यावरून अलगद जाणार होती. वेजवुडने आपला नवा कारखाना या कालव्याच्या काठीच उभारला. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, ऑक्सफर्ड, चेस्टरफील्ड असे एकामागून एक कालवे ब्रिंडलीच्या अंगावर आले. त्याच्या नावावर सुमारे ३६५ मैलांचे कालवे मोजले जातात. एका माणसाला इतके झेपणे शक्य नव्हते, आणि कॉव्हेंट्रीच्या मंडळींनी पुरेसे लक्ष दिले नाही म्हणून १७६९ साली त्याला दूरही केले. नोंदी डोक्यात असल्याने काम दुसऱ्यावर सोपवणे त्याला जड जाई. निरक्षरतेची हीच खरी किंमत होती.

१७६५ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने ॲन हेनशॉल हिच्याशी विवाह केला. दोन मुली झाल्या. संसारसुख फार काळ लाभले नाही. १७७२ साली कॅल्डन शाखेची पाहणी करताना तो पावसात चिंब भिजला, खाणावळीत ओलसर अंथरुणात झोपला आणि आजारी पडला. डॉक्टर इरॅस्मस डार्विन याला त्याच्या दुखण्याच्या मुळाशी मधुमेह आढळला. २७ सप्टेंबर १७७२ रोजी त्याचे निधन झाले. हेअरकॅसलचा सुमारे अडीच किलोमीटरचा बोगदा तेव्हा अर्धवट होता. तो मेहुणा ह्यू हेनशॉल याने १७७७ साली पुरा केला. चार नद्यांची जोडणी १७९० साली पूर्णत्वास गेली.

आता त्या पडसादांविषयी. मँचेस्टर हे नाव आपल्या आजोबा-पणजोबांना परके नव्हते. तेथील स्वस्त कापडाने आपल्या हातमागांची जी दैना केली, तिची आठवण १९०५ च्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाच्या होळ्यांतून पेटून उठली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, वऱ्हाड-खानदेशचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांसाठी चढ्या भावाने विकला गेला आणि युद्ध संपताच भाव कोसळले, हेही इतिहासाला ठाऊक आहे. या साऱ्याला ब्रिंडली जबाबदार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. साम्राज्याची सत्ता आणि जकातीची धोरणे यांचा वाटा त्यात मोठा होता. परंतु वाहतूक स्वस्त झाली की एका गावाची चूल पेटते आणि तिचा धूर दूरच्या दुसऱ्या गावात डोळ्यांत पाणी आणतो, हा धडा त्या छोट्या कालव्याच्या कथेत आहे.

१८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे धावू लागली आणि कालव्यांचे वैभव हळूहळू ओसरले. मोठ्या जहाजांसाठी नवा कालवा खणताना १८९३ साली बार्टनचा जुना जलसेतू पाडण्यात आला. त्याच्या जागी पाण्यासकट फिरणारा लोखंडी जलसेतू आला, तो आजही काम करतो. ड्यूकच्या कालव्यावरील मालवाहतूक १९७० च्या दशकात थांबली. आता तेथे सहलीच्या होड्या चालतात.

सॅम्युअल स्माइल्स याने १८६१ पासून अभियंत्यांची चरित्रे प्रसिद्ध केली आणि त्यांत ब्रिंडलीला स्थान दिले. त्याच्या हयातीतील अनेक हकिगती सामान्य वाचकांपर्यंत पोहोचल्या त्या अशाच लेखनामुळे. स्वतः एकही ग्रंथ न लिहिलेल्या या कारागिराला ग्रंथांनी जपले. आपल्या गावोगावच्या विहिरी, बंधारे आणि पाट बांधणाऱ्या कितीतरी हातांना असा चरित्रकार मिळाला नाही. त्यांची माहिती जाणत्या वृद्धांकडून उतरवून घेऊन जतन करणे हे पुढील शतकात ग्रंथालयांनी अंगीकारण्याजोगे कार्य आहे.